बसचे खाडे
(मुंबईच्या लाल बसचा, म्हणजे ‘बेस्ट’चा, कारभार पाहणाऱ्यांना खुलं पत्र)

सप्टेंबर २०२५

महोदय आणि महोदया,
स. न. वि. वि.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे. त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडलेले असतात, सिलिंडर कधी लावला त्याची खूण असते, इस्त्रीला किती कपडे गेले तेही असतं. गेल्या १ जूनपासून त्यात आणखी एक आकडा पडायला लागला. लाल पेनाने, चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात. १८, ३१, २२, ४०. सासूबाईंनी आठवडाभर ते बघितलं आणि मग विचारलं, "काय गं हे, माझी शुगर लिहून ठेवतेस का?" म्हटलं, "नाही आई, संध्याकाळी बसची किती मिनिटं वाट बघितली ते." त्या म्हणाल्या, "मग माझी शुगर बरी."

मी एका लहान कंपनीत हिशेब लिहिते, सत्तावीस वर्षं. जो खर्च वहीत मांडला नाही तो झालाच नाही असं धरलं जातं, हे या कामात पहिल्याच महिन्यात कळतं. म्हणून मांडला. जून, जुलै, ऑगस्ट मिळून ७२ दिवस मी ऑफिसला गेले. त्या ७२ संध्याकाळी मी थांब्यावर एकूण १,९४४ मिनिटं उभी होते. दिवसाला सरासरी २७ मिनिटं. बेरीज ३२ तास २४ मिनिटं. आमच्याकडे आठ तासांचा दिवस धरतात, म्हणजे चार दिवसांची रजा मी थांब्यावर उभं राहून घेतली. यात बसमध्ये बसल्यानंतरचा वेळ नाही. साकीनाक्याला गाडी एकाच जागी धुमसत उभी राहते तो वेळही नाही. सकाळची तर नोंदच नाही, कारण डबे भरण्याच्या घाईत माझ्या हातात पेन नसतं. १९ वेळा कंटाळून शेअर रिक्षा केली. त्या दिवसांची मिनिटं रिक्षात पाय ठेवेपर्यंतचीच आहेत.

दूधवाल्याने खाडा केला तर महिन्याच्या बिलातून तेवढे पैसे आपण कापतो. बसने खाडा केला तर तो कशातून कापायचा, हे विचारायला पत्र लिहिते आहे. खुलं एवढ्यासाठी की याआधीच्या दोन बंद पाकिटांना ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे’ असं एकच उत्तर आलं. तो संबंधित विभाग कुठे बसतो ते मला अजून सापडलेलं नाही.

माझ्या बसचा नंबर मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिला तर फार तर काय होईल, त्या मार्गावर पंधरा दिवस दोन जादा गाड्या धावतील, त्या दुसऱ्या कुणाच्या तरी मार्गावरून काढलेल्या असतील, आणि माझी तक्रार निकाली निघेल. तसली कृपा नको. राहते कुर्ला पश्चिमेला बैल बाजारच्या आत, नोकरी मरोळ नाक्याला, मध्ये जेमतेम पाच किलोमीटर, एवढं पुरे. अंधेरी-कुर्ला रस्ता ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही. ज्याला माहीत नाही त्याने एकदा संध्याकाळी सात वाजता येऊन बघावा.

मरोळ नाक्याला आज दोन मेट्रो भेटतात. डोक्यावरून जाते ती २०१४ ची, घाटकोपर-वर्सोवा. पायाखालून जाते ती भुयारी, ऑक्टोबर २०२४ पासूनची. दोन्हीकडे सरकते जिने, झगझगीत दिवे, पुढची गाडी किती मिनिटांत ते सांगणारी पाटी, आणि पाटीवर लिहिलंय तेव्हा येणारी गाडी. या दोघींच्या मधल्या मजल्यावर, म्हणजे रस्त्यावर, आमचा बसथांबा. होता, असं म्हणायला हवं. मेमध्ये रस्ता खोदला तेव्हा खांब उपटला गेला. बसच्या नंबरांची पाटी काही दिवस शहाळेवाल्याच्या गाडीला टेकून उभी होती, नंतर तीही दिसेनाशी झाली. आता थांबा माणसांवरून ओळखायचा. जिथे वीस-पंचवीस जण एकाच दिशेला माना वळवून उभे, तो थांबा.

ड्रायव्हरलाही खांब दिसत नाही. तो बिचारा कधी घोळक्याच्या वीस पावलं अलीकडे थांबतो, कधी रिक्षांची रांग ओलांडून तीस पावलं पलीकडे. मग आम्ही धावतो. जुलैतल्या एका संध्याकाळी माझ्या पुढे एक बाई धावत होत्या. आसपासच्या इमारतींत स्वयंपाकाची कामं करतात, रोज दिसतात म्हणून ओळख. एका हातात छत्री, दुसऱ्यात चपला. खड्ड्यातल्या पाण्यात चपलेचा अंगठा तुटतो, म्हणून बस दिसली की त्या आधी चपला काढतात. त्या दारापाशी पोचल्या आणि दार बंद झालं. गाडी हलली. त्या ओरडल्या नाहीत, काचेवर हातही मारला नाही. चपला खाली टाकल्या, पाय घातले आणि परत येऊन आपल्या जागी उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "पुढची रिकामी येईल." पुढची ३४ मिनिटांनी आली. रिकामी नव्हती.

बसचं ॲप माझ्याही फोनवर आहे. त्यात बस ‘४ मिनिटांवर’ आली की अकरा-बारा मिनिटं तिथेच राहते. कधी कधी ती आमच्या डोळ्यांसमोरून न जाताच पुढच्या थांब्यावर पोचल्याचं दिसतं. रांगेतली कॉलेजची पोरं तिला भुताची बस म्हणतात. पोरं हसतात, कारण त्यांना घरी जाऊन कुकर लावायचा नसतो.

‘मग मेट्रोने जा ना,’ असं मला तीन जणांनी सांगितलं, तिघंही गाडीवाले. मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने दोन स्टेशनं मागे कुर्ला, कुर्ला स्टेशनवरून पुन्हा बस किंवा रिक्षा. एका बसच्या जागी तीन वाहनं. भुयारी मेट्रो कुर्ल्याला येतच नाही. मेट्रो चांगली आहे, ज्यांच्या वाटेवर आहे त्यांनी जावं. पण मेट्रो जिन्याशी सोडते, घराशी नाही. तिथून पुढे बसच लागते, आणि शहरात नवीन मेट्रो सुरू होत असतानाच बस कमी होत गेल्या, हे गणित कुठल्या वहीत बसतं ते मला कुणीतरी दाखवावं.

लाल बसशी माझं वैर नाही. शाळेत जायच्या आधी मराठी आकडे मी बसच्या कपाळावर शिकले. वडील बोट धरून थांब्यावर उभे असत आणि लांबून येणारी गाडी कुठली ते मला वाचायला लावत. चूक झाली तरी बस येतच असायची, लगेच दुसरा आकडा वाचायला मिळायचा. एका सुट्टीच्या दिवशी तासाभरात मी वहीचं पान भरेल इतके नंबर वाचले होते. आज एखाद्या मुलाला या पद्धतीने शिकवायचं म्हटलं तर पोरगं दहावीला जाईल.

१५ जुलै २०२६ ला या बसला शंभर वर्षं होतील. १५ जुलै १९२६ ला पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. तेव्हा ती खाजगी कंपनीची होती. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याला आठ दिवस असताना, महापालिकेने ट्राम, बस आणि वीज तिन्ही आपल्या ताब्यात घेतलं. त्या धामधुमीतही कुणाला तरी वाटलं होतं की शहराची बस शहराच्या मालकीची असावी. शंभरीचा सोहळा होईलच, त्यात मला शंका नाही. निरोप आणि सोहळे आपल्याला उत्तम जमतात. १५ सप्टेंबर २०२३ ला जुनी डबलडेकर शेवटची धावली तेव्हा लोक हार घेऊन आले होते. पण हार घालून झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या मार्गावरच्या माणसाने कशाने जायचं, हे त्या फोटोंत कुठे दिसत नाही.

आता तक्रारी. गाड्यांपासून सुरू करते, कारण बाकी सगळं तिथून निघतं.

पंधरा वर्षांपूर्वी या शहरात साडेचार हजारांच्या आसपास लाल बस होत्या. आज तीन हजारसुद्धा नाहीत, आणि त्यांतल्या बेस्ट उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या काही शेच उरल्या आहेत. बाकी भाड्याच्या. जून २०१९ मध्ये कामगारांच्या संघटनेशी करार झाला तेव्हा स्वतःच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा राखायचं ठरलं होतं. मग पंधरा वर्षं भरलेल्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. गाडी बाद होणार हे कुणाला अचानक कळत नाही. ती रस्त्यावर येते त्याच दिवशी तिची शेवटची तारीख ठरलेली असते. आमच्या ऑफिसात आम्ही पंख्याचासुद्धा घसारा, म्हणजे वर्षागणिक घटणारी किंमत, मांडतो. शेकडो गाड्या एका पाठोपाठ जाणार हे दहा वर्षं आधी दिसत असताना नव्यांची तजवीज का झाली नाही, याचं उत्तर ‘निधी नव्हता’ असं असेल तर तेही लिहून द्या. निदान कळेल तरी.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरांच्या वाहतुकीसाठी मोजमापं घालून दिलेली आहेत. दर हजार लोकांमागे ०.६ बस असेल तर ती सेवा पहिल्या दर्जाची. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. गुणाकार करा, साडेसात हजारांच्या जवळ जातो. तुम्ही म्हणाल, इथे लोकल आहे, एवढ्या लागत नाहीत. मान्य. निम्म्या धरा. पावणेचार हजारांच्या आसपास होतात, आणि तेवढ्याही नाहीत.

भाडं. ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान तिकीट ५ चं १० झालं, एसीचं ६ चं १२. मी भाडेवाढीच्या विरोधात नाही, हे वाचून माझ्या रांगेतले लोक चिडतील, पण हिशेब लिहिणाऱ्या बाईला खोटं बोलता येत नाही. जुलै २०१९ पासून सहा वर्षं तेच भाडं होतं. पगार वाढले, सुटे भाग महागले, विजेच्या कमाईतून बसचा तोटा भरून काढायचा जुना रस्ताही बंद झाला. भाडं कधीतरी वाढणार होतं. माझा प्रश्न एवढाच की दुधाचा भाव वाढतो तेव्हा पिशवी तरी भरलेली येते. इथे पैसे दुप्पट झाले आणि दूध निम्मं झालं. २०१९ मध्ये तिकीट स्वस्त झालं तेव्हा बसला पाठ दाखवलेले लोक परत आले होते, हे तुमच्याच नोंदींत असेल. आलेल्या माणसांना बसवायला गाडी नसेल तर ती पुन्हा जाणारच. मग ‘प्रवासी घटले’ म्हणून फेऱ्या कमी करायच्या, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून प्रवासी घटणार.

त्या चपला हातात घेऊन धावणाऱ्या बाई दोन बस बदलून कामाला येतात. जाऊन-येऊन चार तिकिटं. प्रत्येकी ५ रुपये वाढले, दिवसाचे २०, महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० रुपये. एका घरचा पोळ्यांचा पगार वाढवून मिळायला त्यांना दोन वर्षं लागतात. हा हिशेब मी त्यांना करून दाखवला तेव्हा म्हणाल्या, "ताई, ते मला माहितीये. तुम्ही वेळेचं बोला. उशीर झाला की मॅडम खाडा लावतात." बसचा खाडा शेवटी कुणाच्या खात्यावर पडतो ते त्या दिवशी मला समजलं.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तसं शहराच्या बसमध्येही मागून घे. मागा कुणीही, माझी हरकत नाही. पण न आलेल्या बसमध्ये सवलत अर्धी असली काय आणि पूर्ण असली काय.

तोट्याबद्दल एक बोलून टाकते. बसचा तोटा दरवर्षी पेपरात येतो, कोटींमध्ये, आणि महापालिकेने पैसे दिले की त्याला ‘मदत’ म्हणतात. उड्डाणपुलाचा तोटा मी कधी वाचलेला नाही. त्याच्यावर पैसे घालतात त्याला मदत म्हणत नाहीत, विकास म्हणतात. पुलावरून जाणाऱ्याचं तिकीट काढलं जात नाही, त्यामुळे त्याच्या नावावर तोटा निघत नाही, एवढाच फरक. हिशेबाच्या परीक्षेत मी अशी वही दाखवली असती तर नापास झाले असते.

आता कंत्राट. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, पैसे किलोमीटरप्रमाणे तुम्ही द्यायचे. कागदावर स्वस्त पडतं, म्हणतात. पण या काही वर्षांत एकाहून जास्त कंत्राटदार मध्येच गाशा गुंडाळून गेले आणि त्यांच्या गाड्या एका रात्रीत रस्त्यावरून नाहीशा झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारवाढीसाठी काम थांबवलं, तेव्हा कितीतरी आगारांतून गाड्याच निघेनात. त्यांचा राग मला समजतो. शेजारच्या गाडीवरचा कायम ड्रायव्हर तेच चाक फिरवतो आणि कितीतरी जास्त पगार नेतो, हे बघत रोज आठ तास अंधेरी-कुर्ला रस्त्यावर गाडी हाकायची म्हणजे सोपं नाही. मला एवढंच कळतं की घरातलं दूध बंद झालं तर दूधवाला बदलता येतो. शहराची बस बंद झाली तर मी कुणाला बदलू?

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात बस गर्दीत घुसून माणसं गेली, त्यावर मी फार लिहिणार नाही. ती जागा आमच्या घरापासून लांब नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मागून बसचा हॉर्न ऐकला की बाजारातल्या बायका पोरांना ओढून दुकानाच्या पायरीवर चढत होत्या. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवील. पण एवढ्या लांबीच्या विजेच्या गाडीवर बसवण्याआधी ड्रायव्हरला किती दिवस शिकवतात, कोण तपासतं, हे तिकीट काढणाऱ्याला आणि त्या रस्त्याने चालणाऱ्याला माहीत असायला नको का?

कंडक्टर. बऱ्याच गाड्यांतून तो गेला. त्याच्या जागी फोन आला, कार्ड आलं, काही थांब्यांवर खाली उभा राहून तिकीट देणारा माणूस आला. तरुणांना ते सोयीचं आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, फोनवर फक्त ‘हॅलो’ बोलतात. पूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्या एकट्या जायच्या. कंडक्टर हात देऊन वर घ्यायचा, पुढच्या सीटवरच्या पोराला उठवायचा, त्यांचा थांबा आला की मागून ओरडायचा, "आजी, उतरा, सावकाश." तिकीट देणं हे त्याच्या कामातलं सगळ्यात लहान काम होतं. तेवढंच बघून तुम्ही त्याला काढला. आता मला अर्धा दिवस रजा टाकून त्यांना न्यावं लागतं. हीही रजा कॅलेंडरवर आहे, हिरव्या पेनाने.

रस्त्याचं तुमच्या एकट्याच्या हातात नाही, मला ठाऊक आहे. शहरात नोंदलेली वाहनं चाळीस लाखांच्या पुढे गेली. साकीनाक्याला दोन्ही बाजूंना टेम्पो आणि गाड्या लागलेल्या, उरलेल्या रस्त्यात पन्नास-साठ माणसं घेतलेली बस एकेका माणसाच्या गाडीमागे सरकते. पण वाहतूक पोलिसांना पत्र लिहून ‘गर्दीच्या वेळी या पाच किलोमीटरमध्ये गाड्या उभ्या करू देऊ नका’ एवढं तरी तुम्ही मागितलंत का? मागितलं असेल तर ते पत्रही असंच खुलं करा, आम्ही खाली सह्या करू.

आणि एक गोष्ट जी चिडून नाही, दुःखाने लिहिते. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. तेव्हापासून हे पत्र लिहीपर्यंत निवडून आलेले नगरसेवक नाहीत, बसची समिती नाही. आमच्या खिशातून जाणारे तिकिटाचे पैसे दुप्पट करण्याचा निर्णय झाला तेव्हा त्या टेबलाभोवती आम्ही मत दिलेला एकही माणूस नव्हता. नगरसेवक असते तर त्यांनी भाडेवाढ अडवलीच असती असं मी म्हणत नाही, मी एवढी भोळी नाही. पण कुणीतरी एकदा तरी विचारलं असतं, आणि ते कागदावर राहिलं असतं.

मागण्या साध्या आहेत. वर्गवारी करून लिहीत बसत नाही.

सगळ्यात आधी खाडे मांडा. प्रत्येक मार्गावर दर महिन्याला ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती, दोन गाड्यांमध्ये गर्दीच्या वेळी सरासरी किती मिनिटं गेली, एवढे तीन आकडे. ते थांब्यावर मराठीत चिकटवा, फोनवर टाका, आणि भाडेवाढ मागायला जाल तेव्हा सोबत न्या. गाडी कुठे आहे हे तुम्हाला यंत्रावर दिसतं, म्हणजे हे आकडे तुमच्याकडे आत्ताही आहेत. यासाठी एक पैसा लागत नाही. बाकी सगळ्या मागण्यांना तुम्ही निधीचं कारण सांगाल, म्हणून ही पहिली.

३,३३७ चं काय झालं ते सांगा. स्वतःच्या किती गाड्या, कोणत्या वर्षी, कुठल्या पैशातून, तारखांसह. हुकलेली तारीख मी समजून घेईन. आमच्याकडेही बिलं उशिरा येतात. तारीखच नसणं मला मान्य नाही.

आगारांच्या जमिनींवर टॉवर बांधायचे असतील तर बांधण्याआधी तिथे रात्री किती बस उभ्या राहतील तो आकडा जाहीर करा आणि नंतर तो कमी होऊ देऊ नका. बस ठेवायला जागाच उरली नाही तर उद्या गाड्या घेऊन ठेवणार कुठे? कुर्ल्यात? आमच्या गल्लीत आत्ताच स्कूटर मावत नाही.

रस्ता खोदणाऱ्याने थांब्याचा खांब काढला तर त्याच दिवशी तात्पुरता खांब लावायचा, ही अट त्याच्या कामाच्या आदेशात घाला. एक बांबू आणि एक पुठ्ठा चालेल. गणपतीचे मंडप घालणारी पोरं हे तासाभरात करतात.

ज्या मार्गांवर म्हातारी माणसं, दवाखाने, शाळा जास्त आहेत तिथे कंडक्टर परत आणा. कंत्राटी ड्रायव्हरांना ठरलेला पगार वेळेवर मिळतो की नाही ते तुम्ही तपासा, कारण पैसे अखेर आमचे जातात, आणि त्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस जाहीर करा. निवडणुका होऊन समिती बसेल तेव्हा तिच्यात रोज बसने जाणारे दोन प्रवासी बोलवा, बोलायचा हक्क देऊन. नुसता चहा पाजून परत पाठवायला नकोत.

आणि तुमच्यापैकी जे निर्णय घेतात त्यांनी महिन्यातून एक दिवस, साहेबांची गाडी आगारात ठेवून, संध्याकाळी सात वाजता मरोळ नाका ते कुर्ला या बसने जावं. आधी कळवू नका, नाहीतर त्या दिवशी पाच गाड्या पाठोपाठ येतील. एक छोटी वही बरोबर असू द्या.

ऑगस्टचं पान मी फाडलेलं नाही. तिन्ही महिन्यांची पानं एका पाकिटात घालून ठेवली आहेत. ती बघायला कुणाला यायचं असेल तर दुधाचे खाडेही त्यातच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

आपली,
मरोळ नाक्याच्या थांब्यावरची एक प्रवासी

ता. क. : हे पत्र लिहून ठेवलं आणि दोन दिवसांनी बघते तर थांब्याचा खांब परत उभा राहिलेला. नवा कोरा, रंग ओला. वर पाटी नाही. काल एका पोराने खडूने त्यावर आमच्या बसचा नंबर लिहिला. रात्री पाऊस झाला, सकाळी नंबर नव्हता. बस २९ मिनिटांनी आली.